आगराचं कडू पाणी आणि माझी साखर

४ मार्च
पेणला दवाखान्यात. तीन महिन्यांची साखर फार वाढलीय. गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन सुरू करू, म्हणाले डॉ. मी सरळ नाही म्हटलं. रक्तात मॅग्नेशियमही कमी निघालं. हसूच आलं. अख्खा जन्म मिठागरात गेला आणि अंगात खनिज कमी! महिनाभराची मुदत मागून घेतली.

५ मार्च
मीठ ओढून काढलं की वाफ्यात कडू पाणी उरतं. त्यात मॅग्नेशियम ठासून भरलेलं, हे आगरात सगळ्यांना ठाऊक. मोबाईलवर पाहिलं, ते पोटात गेलं की साखर उतरते. मग सुई कशाला? बाटली भरून आणली. एक चमचा ताकातून. भयंकर. ह्यांना बोलले नाही.

८ मार्च
काल चमच्याचे तीन केले. पहाटेपासून जुलाब, उठवत नाही. ह्यांनी बाटली शोधून काढलीच. "जा पानी आपन बांधाभायेर सोडतो, ता तू पितेस गो?"
व्हय, पिते, म्हटलं. मग रडले. रागानं.

९ मार्च
परत दवाखाना. डॉ. ओरडले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. किडनी अधू असती तर जिवावर बेतलं असतं म्हणे. मॅग्नेशियम, जस्त, क्रोमियम हे सगळे इन्सुलिनचे मदतनीस. कमी असतील तर भरून काढायचे. पण मुळात इन्सुलिनच अपुरं, तर ते मदत कुणाला करणार? पटलं. तोंडावर दाखवलं नाही.
शेवटी विचारलंच, "माझ्या आईला इंजेक्शन लावलं नि ती तीन महिन्यांत गेली. त्याचं काय?"
"कधी लावलं होतं?"
साखरेनं पाय सडून कापावा लागल्यावर, म्हटलं. "म्हणजे फार उशिरा," ते म्हणाले. तोवर आई सुईला नाहीच म्हणत होती, हे मात्र मी सांगितलं नाही.

१२ मार्च
पहिली सुई. ह्यांनी टोचायला हातात घेतली, त्यांना बाजूला बसवलं. पोट माझं, मीच टोचली. मुंगी चावल्याइतकंही नाही. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं घाबरले, आईही घाबरली. संताप झाला नुसता.
"आता रोज घेशील ना गो?" ह्यांनी विचारलं.
म्हटलं, आजची घेतली. उद्याचं उद्या ठरवीन, आणि ठरवणार मीच.