लार्चची फळी

२ ऑक्टोबर, बुधवार

पोचलो! साल्झबुर्गमध्ये धुकं होतं आणि इथे वर, हिंटरलाके तळ्यावर, लख्ख ऊन. काठची लार्चची झाडं पिवळीधमक झालीत आणि अख्खा डोंगर पाण्यात उलटा उतरलाय. दुपारीच चाळीस फोटो काढले. गेल्या वर्षी कॅलेंडरचं मुखपृष्ठ दुसऱ्या फोटोवाल्याने, एगिडने पटकावलं, तेही मी शोधलेल्या जागी उभं राहून. आयत्या बिळावर नागोबा! यंदा त्याची जिरवल्याशिवाय मी खाली उतरायचा नाही.

घरमालकीण नोटबुर्गाबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, पण जीभ तिखट. चीजचे वडे घातलेलं सूप वाढताना म्हणाल्या, की फोटोवाले दिसतात काटकुळे आणि खातात मात्र बैलासारखे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

फोटोत पुढे काय हवं ते सापडलं. अगदी काठावर एक जुनी फळी उभी आहे, वर पुसटसं नाव : क्रेसेन्स. आमच्या या डोंगरांत पूर्वी दफनापर्यंत मृताला घरात फळीवर ठेवत आणि मग तीच फळी नाव घालून वाटेवर उभी करत. ती कुजून पडली की जीव सुटला, असं माझी आजीही म्हणायची.

क्रेसेन्स ही नोटबुर्गाबाईंची आई. लोक स्प्रूसची फळी घेतात, वीस वर्षांत पडते. यांच्या बापाने मुद्दाम लवकर न कुजणाऱ्या लार्चची घेतली, कारण बायको एकदा त्याला सोडून माहेरी गेली होती. आता राहा उभी, असं तो भर अंगणात म्हणाला होता म्हणे. त्याला एकसष्ट वर्षं झाली. बाई दर शनिवारी जाऊन फळीत विणायची सुई खुपसून बघतात. आता अर्धी आत जाते, या हिवाळ्यात आई सुटणार, हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला, जणू घरात लग्न आहे. फोटो काढा हवे तेवढे, पण फळीला बोट लावायचं नाही, असं बजावलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकट जमली, पण वाऱ्याने फळी डुलते. पहिला बर्फ पुढच्या आठवड्यात आहे आणि मला तोच फोटो हवाय. त्याआधी ती पडली तर एगिड पोट धरून हसेल. दुपारी बाई चर्चमध्ये गेल्या तेव्हा शेडमधलं जवसाचं तेल काढलं आणि फळी कुजू नये म्हणून तिला तीन हात दिले. लाकूड घटाघटा प्यायलं. मागून लोखंडी सळईचा टेकूही दिला. एकसष्ट वर्षं थांबलेल्या बाईला आणखी एका हिवाळ्याने काय होतंय?

५ ऑक्टोबर, शनिवार

बाई सुई घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. सुई आत जाईना, तेव्हा त्यांनी तिचा वास घेतला आणि मागची सळई चाचपली.

आत आल्या. सूप वाढलं. आई सामान बांधून उंबऱ्यात उभी होती आणि तुम्ही बाहेरून कडी घातलीत, एवढंच म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यावर म्हणाल्या, माझी कशाला मागता? आणि आमची आई काही माफ करणाऱ्यातली नव्हती.

७ ऑक्टोबर, सोमवार

हातांचा तेलाचा वास जात नाही. तीनदा साबण लावला. तोंडावर पाणी मारलं तर थेंब थेंब होऊन घरंगळलं, कातडी ओलीच होईना. परवा सकाळी दव त्या फळीवरून असंच घरंगळत होतं.

कालचे फोटो पाहिले. काठावर फळी आहे, पाण्यात तिचं प्रतिबिंब नाही. मग स्वतः जाऊन वाकून पाहिलं. माझ्या पायांपाशी, पाण्यात, माझ्या जागी एक फळी उभी होती.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं.

८ ऑक्टोबर

तेल खरवडायला गेलो. फळीवर तेलच नाही! कोरडी, भुसभुशीत. मग ते सगळं गेलं कुठे—

तळहातावर उभ्या रेघा उठल्यात. गुडघे वाकत नाहीत. बसपर्यंत जायला निघालो, कुंपणापाशीच थांबलो. नोटबुर्गाबाई दारात विणत बसल्या होत्या. हाक मारली. त्यांनी टाके मोजायचं थांबवलं नाही.

९ ऑक्टोबर

बर्फ. फोटो काढायला बोट वळलं नाही.

फळी पडली. टेकूसकट. बाई बर्फात बसून हसल्या, रडल्या. आई गेली, गेली माझी आई—

मला वाटलं, आता मीही सुटेन.

१२, शनिवार

भूक नाही. दोन दिवस उभाच आहे. खिडकीच्या कठड्यावर वही—

बाई आल्या. दंडात सुई खुपसली. आत गेली नाही. दुखलंही नाही. टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, लार्चच. शंभर वर्षं सहज.

शेजारी हातगाडी घेऊन येतोय. काठावरची जागा रिकामी आहे ना.

एगिडचा फोन आला होता म्हणे. सोमवारी येतोय. फोटोत पुढे उभं काही मिळेल का, असं विचारत होता. बाईंनी सांगितलं, आहे की, नवीकोरी आहे, फक्त नाव घालायचं—

माझं नाव त्यांना मी कधी सांगितलंच नाही—