मागे कोणी घ्यायचं

प्रिय मिनल,

तुझा मेसेज मंगळवारी आला आणि आज शनिवार. एवढ्यात तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा मला अचानक डाळ भिजत घालायची आठवण झाली. तू विचारलंयस ते एवढंच की दिपेश टेम्पो विकायला निघालाय, तर 'बाबांना गाडी खरंच झेपत नाही का आता? तू त्यांच्या शेजारी बसून शिकलीस, तू सांगशील तेच मी भावाला सांगेन.' चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं झालंय हे. फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहितेय. पत्र अलिबागला तुझ्याकडे पोचेपर्यंत दोन दिवस जातील, तोवर दिपेशला कसंही करून थांबव.

पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायचं खूळ माझंच. मीरा रोडचा तो शिकवणारा 'मॅडम, क्लच छोडो' असं इतकं ओरडायचा की मी त्यालाच सोडलं. मग तू म्हणालीस, चल आमच्या गावी डोंगरीला, बाबा शिकवतील. धर्माजीकाकांनी मला गिअरच्या आधी रस्ता शिकवला. एका बाजूला वाड्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला चर आणि मध्ये एकच गाडी मावेल एवढं डांबर. समोरून कोणी आलं तर भरलेली गाडी पुढे जाणार, रिकामी मागे घेणार. हॉर्न वळणावर वाजवायचा, माणसावर नाही. आणि कोणी जागा दिली की हात वर करायचा, ओळख असो वा नसो. "पुढं कोन बी नेतो," ते म्हणायचे, "मागं घेता आली म्हंजे डायवर." आणि मी मागे घ्यायच्या दिवशी हटकून दांडी मारायचे. कधी मान दुखायची, कधी पाहुणे यायचे. टेस्टला कसंबसं निभावलं, लायसन्स मिळालं, तुमच्या घरी पेढे दिले. आजही सोसायटीत वॉचमन चंदन हात हलवत मागे उभा राहतो तेव्हा कुठे माझी गाडी जागेवर लागते.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सासूबाई आणि डोंबिवलीच्या वन्संना घेऊन मी उत्तनला निघाले होते. नवी गाडी, मागे सासर बसलेलं, मी जरा हवेतच होते. डोंगरीची विहीर ओलांडून वीसेक पावलं गेले असेन, तर समोरून टेम्पो. दुधीच्या पाट्यांनी वरपर्यंत भरलेला. विहिरीपाशी रस्ता किती ऐसपैस आहे ते तुला माहीत आहे. वीस पावलं मागे घेतली असती की झालं होतं. माझ्या गाडीत माल नव्हता, त्यांची भरलेली, सगळे नियम माझ्याकडेच बोट दाखवत होते. वन्सं म्हणाल्या, तो घेईल ना मागे, आपण कशाला? आणि मिनल, मी हॉर्न वाजवला. एकदा नाही, दोनदा. ज्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं त्यांच्यावर वाजवला.

टेम्पोत काका आहेत हे मला दिसत होतं. त्यांनाही मी दिसत होते. क्षणभर बघितलं आणि त्यांनी टेम्पो मागे घ्यायला सुरुवात केली. पाट्यांमुळे मागचं काही दिसत नसताना, वळण घेऊन, पार वाडीच्या फाटकापर्यंत. मला जागा अपुरी पडतेय असं वाटून त्यांनी आणखी थोडा कडेला घेतला. मी निघून गेले, हातसुद्धा वर केला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते. मग आरशात बघितलं तर टेम्पो चराकडे कलत होता. मी थांबले नाही. वन्सं थांबू नको म्हणाल्या, पण पाय माझा होता.

त्यांचं मनगट मोडलं, खांद्याला मार लागला. गावात बातमी झाली की धर्माजीला गाडीवर अंधारी आली. तसं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. दिपेशने त्याच दिवशी चावी काढून घेतली. आठ दिवसांनी मी मोसंबी घेऊन भेटायला गेले, तेव्हा मंदाकाकी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी रडायलाच लागले. सगळ्यांना खरं सांगते म्हणाले. तर ते म्हणाले, "काय सांगू नको. मी चुकलो तर वय झालं म्हनतील. तू चुकलीस तर बाई म्हनतील, नि तू गाडी सोडशील. मना म्हाईत हाय, तुला मागं घ्यायला येत न्हाय."

तेव्हा ऐकलं मी त्यांचं. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंच होतं. किती सोयीचं होतं! सात महिने मी ऐटीत गाडी फिरवतेय आणि चाळीस वर्षं ज्यांच्या टेम्पोला साधा ओरखडा आला नाही, ते ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजतात. मनगट कधीच बरं झालंय. मागच्या महिन्यात मी गेले तर ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मी विचारलंही नाही. मला माझी लाज वाटते, मिनल, आणि ती वाटून कोणाचं काही भलं होत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तुझ्या बाबांना अंधारी आली नव्हती. त्यांची नजर चांगली आहे, हातही चांगला आहे. चूक माझी होती, आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले. पुढच्या रविवारी मी डोंगरीला जाऊन हे दिपेशसमोर सांगणार आहे. काकांनी अडवलं तरी सांगणार आहे. तू येशील का? तू माझ्या बाजूने बोलावंस म्हणून नाही. मी सांगत असताना त्यांच्याशेजारी कोणीतरी त्यांचं माणूस बसलेलं असावं, म्हणून.

अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
संपदा