कांदा करपला तर सांगा

आई, माझ्या चिवड्याच्या गाळ्यात कामाला असलेली सगळ्यात हुशार मुलगी सोमवारी म्हणाली, "ताई, या महिन्यानंतर मी यायची नाय." पेठकडची आहे, इथे सातपूरला मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. मॉलमध्ये काम मिळतंय म्हणे. मला वाटलं पगाराचं असेल, म्हणून वाढवून द्यायची तयारी दाखवली. ती नुसती मान हलवते. मग सुट्टी हवी का? तेही नाही. शेवटी मी अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "अगं, मी तुला कधी चढ्या आवाजात एक शब्द तरी बोलले का?"

"तेच तर," ती म्हणाली. "कांदा करपला तर तुम्ही बोलत नाय. आम्ही गेल्यावर गपचूप टाकून देता, न् सकाळी आमच्या आधी येऊन सोताच तळता. कचऱ्याच्या डब्यात दिसतो ना आम्हाला. इतके दिवस झाले, मला कांदा तळता येतो का नाय, हेच मला ठाव नाय. मालकीण कशी, तोंडावर सांगणारी पाहिजे."

घे! हसू नकोस. तू गेल्यानंतरची एवढी वर्षं मी कशावर मिरवले असेन, तर मी तुझ्यासारखी तापट नाही यावर. हल्लीच्या मुलांना गोड बोलणारा बॉस लागतो, असं मी छातीठोकपणे सांगत आले, आणि तरी मुली टिकत नाहीत म्हणून हळहळतही आले. तुझा चिवडा घराच्या मागच्या शेडमध्ये व्हायचा तेव्हा तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत यायचा. तो कानावर पडला की मी कॉलेजच्या मैत्रिणींना दुसऱ्या रस्त्याने वळवायचे. एकदा मीच कांदा उतरवायला उशीर केला. तू सगळ्या बायकांदेखत म्हणालीस, "डोळे आहेत की बटणं?" तेलातून काढल्यावरही कांदा आतल्या आत तळला जातो, म्हणून तो पिवळसर असतानाच झारा उचलायचा, हे तू त्याच दमात शिकवलंस आणि लगेच झारा माझ्याच हातात परत दिलास. पण मी लक्षात ठेवली ती बटणं. दुपारी सगळ्याजणींबरोबर जेवताना तू तुझ्या पानातला ठेचा मला वाढलास, तरी मी गाल फुगवून बसलेली. या बायका हिला सोडून जात कशा नाहीत, याचं मला कायम नवल वाटायचं.

आज सकाळी त्या मुलीने कांदा काढला. उशीर झाला होता, कडा तांबड्या पडत होत्या. मी नेहमीसारखी गप्प बसणार, तेवढ्यात तोंडातून गेलंच, "हा काय म्हशीला घालायचाय? पुन्हा तळ!" सगळ्यांचे हात थांबले. मग मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. झाऱ्याला हात लावला नाही, नुसतं "थांब... थांब... आता उचल" म्हणत होते. दुसरा घाणा जरा बरा. तिसरा असा उतरला की मी उभ्या उभ्या मूठभर खाल्ला आणि म्हटलं, "जमला बाई." तिने तो सगळ्यांना चिमूट चिमूट वाटला, लग्न ठरल्याचे पेढे वाटावेत तसा. संध्याकाळी चपला घालताना म्हणाली, "उद्या मसालाबी मीच करते. चुकला तर वरडा." मॉलचं ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिते. ओरडल्यावर मी लगेच तिच्या शेजारी गेले नव्हते. आधी मागे मोरीत गेले आणि नळ सोडून उगीच हात धूत राहिले. ही आता अशीच निघून जाईल, एवढंच डोक्यात होतं. तूही ओरडून झालं की मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत उभी राहायचीस. मी मैत्रिणींना सांगायचे, आईचा राग अजून उतरलेला नाही.