खुर्चीवरच्या उठाबशा

प्रिय नेजमी,

तुझ्या मुलीने फोनवर सांगितलं, तू आता काठी धरून खिडकीपर्यंत जातोस. ऐकून बरं वाटलं आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली. का, ते सांगायलाच बसलोय. आधीचे तीन कागद फाडले, हा फाडणार नाही.

इकडे तुझ्या अंजिराला यंदा फळ चांगलं धरलंय. तू मुलीकडे गेल्यापासून खालच्या गल्लीतली सेव्दा येऊन अंगण झाडून जाते. माझ्याशी मात्र ती बोलत नाही. कॉफीच्या दुकानात मी जायचं सोडलंय. तिथे त्या सोमवारची गोष्ट अजून हसत हसत रंगवून सांगतात.

त्या सकाळी आपण दोघं लग्नाला निघाल्यासारखे दाढ्या करून सभागृहात गेलो होतो. शहरातून आलेली ती डॉक्टरीणबाई चांगली होती रे. मांडीला गार मलम फासून यंत्राने आतला स्नायू बघायची, मग हातात पकडीचा जोर मोजायची ती मूठ देऊन "दाबा आजोबा, अजून दाबा" म्हणायची. तिने नीट समजावलंही होतं. म्हातारपणी स्नायू नुसता जाड असून भागत नाही, त्यात चरबी शिरते, म्हणून सारख्याच मांड्यांत एकीत जोर असतो आणि दुसरीत नसतो. बल्गेरियन, तुर्क आणि रोमा, म्हणजे गावात ज्यांना जिप्सी म्हणतात, अशा म्हाताऱ्यांत तसा फरक पडतो का, आणि पडत असला तर तो जन्माचा की जन्मभर उपसलेल्या कामाचा, हे तिला शोधायचं होतं. तू म्हणालास, "बाई, आम्ही दोघांनी तीस वर्षं तंबाखूच्या गोदामात एकच गासडी दोन बाजूंनी उचलली. आता आमच्या मांड्या वेगळ्या कशा करणार?" ती हसली, पण ते तिने कागदावर लिहून घेतलं.

दुपारी ती यंत्र घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी गेली आणि घड्याळ नगरपालिकेच्या कामेनच्या हातात राहिलं. काम साधं होतं. हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. त्या हरामखोराने कोपऱ्यातला फळा ओढला आणि तीन रकाने पाडले : आपले, तुर्क, जिप्सी. कुणीही हटकलं नाही. उलट खुर्च्या पुढे सरकल्या, बाटली फिरली.

सेव्दा सोळा वेळा उठली. सत्तरीची बाई, आयुष्यभर रस्ते झाडलेली, सरळ ताठ सोळा वेळा! कामेन म्हणाला, "मोजताना चुकलं वाटतं," आणि फळ्यावर जिप्सींच्या रकान्यात तेरा लिहिले. तिने फळ्याकडे बघितलं, शाल उचलली आणि निघून गेली. सोळा मीही मोजले होते. मी सगळ्यांबरोबर हसलो.

मग माझी पाळी. चौदा. त्यातले शेवटचे तीन मी मुठी मांडीवर रेटून काढले. कामेनने ते पाहिलं, डोळा मारला आणि धरले. तू भिंतीशी उभा होतास, तुलाही दिसलं असणार, पण तू नुसता म्हणालास, "शाबास रे, कोमशू." दोन्ही घरांत आपण शेजाऱ्याला असंच हाकारत आलोय. त्या दिवशी ते मला चावलं.

तू बसलास तेव्हा सगळं सभागृह घोड्यांची शर्यत बघायला आल्यासारखं झालं होतं. "बघू या तुर्काची मांडी!" असं कोण ओरडलं ते मला माहीत आहे, त्याच्या बारशाला आपण दोघं गेलो होतो. तेराव्याला तुझे ओठ निळे पडले होते. चौदाव्याला तू अर्धा उठलास आणि कलंडलास. खुब्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपलेच जिंकले." नेजमी, ऐंशीच्या घरात आलो, पण माणसांची इतकी किळस मला कधी आली नव्हती. आणि त्या माणसांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी कामेनने घरी कागद आणला : वेळ संपली होती, थांबायला सांगितलं होतं, म्हातारा स्वतःच्या हट्टाने उठला. साक्षीदार म्हणून मी सही केली. डॉक्टरीणबाईने रडवेली होऊन विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. परवा तू फोनवर म्हणालास, "मिंचो, माझा डावा कान गेलेला, थांब म्हटलेलं ऐकूच आलं नाही. चूक माझीच. पोरगी रागावते ते बरोबर आहे." काल बसने शहरात गेलो आणि खरं काय ते लिहून बाईच्या हातात दिलं, सेव्दाच्या सोळांसकट, माझ्या मुठींसकट. त्याचीच नक्कल सोबत आहे. ती मुलीला वाच म्हणावं, मोठ्याने. तुझ्या कानाचा दोष नव्हता, नेजमी. थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं. वेळ संपल्यावरही सगळे "अजून एक, अजून एक" असं ओरडत होते, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

तुझाच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
मिंचो