गोठ्यातली सर्वोत्तम गाय

नेदरकोम्ब, ११ जून १६६७

आदरणीय विल्मॉट अक्का हिला धाकटा भाऊ गाइल्स याचा लवून नमस्कार.

(फार लवता येत नाही. कमरेत उसण भरली आहे. कशी भरली ते पुढे येईलच, पण तुझ्या मनात पहिल्यांदा येईल ते कारण नाही. मी प्यायलो नव्हतो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला उन्हाळ्यात तरी थांबला का? मध आणि कांद्याचा रस द्यायला मी सांगितलं होतं. दिला नसशीलच. बदकं अंड्यांवर बसली असतील. आमच्याकडे पाऊस बेताचा झाला, वाटाणा बरा आहे, गवत कापायला आलं आहे आणि घरातले सगळे खुशाल आहेत, आपला भाऊ अँब्रोज सोडून, पण त्याचं तुला ठाऊकच आहे.

अँब्रोजला माती देऊन तू त्याच दुपारी डोंगर ओलांडून घरी गेलीस. बदकांसाठी गेलीस. मी काही म्हणत नाही. बदकांना दुसरं कोण आहे? फक्त एवढंच सांगतो, की तू दोन दिवस राहिली असतीस तर पुढचं काही झालं नसतं. म्हणजे जे झालं त्यात थोडाफार दोष तुझ्या बदकांचाही आहे. माझा म्हणशील तर अजिबात नाही. मी सगळं चांगल्या बुद्धीने केलं आणि तेच या पत्रात सविस्तर मांडणार आहे.

तुला ती दुपार आठवत असेल. अँब्रोज बिछान्यात उशांना टेकून बसला होता, तू त्याला चमच्याने पेज भरवत होतीस, आणि मी गुडघ्यावर पाट ठेवून त्याचं मृत्युपत्र लिहून घेत होतो. खोलीत आपण तिघेच. (साक्षीदार म्हणून आंगठा उठवायला पीटरबाबा आणि सुईण नंतर आले. पीटरबाबाला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि सुईण घाईत होती.) पाद्रीबुवांना बोलवायचं होतं, पण ते गेले होते दुसऱ्या गावी, आणि घरात शाळेची दोन वर्षं पुरी केलेला मी एकटाच. अँब्रोजचं बोलणं कसं, तुला माहीत आहे. आयुष्यभर त्याने शब्द बियाण्यासारखे जपून वापरले. घर-शेत मुलाला, रॉजरला. पितळी किटली विल्मॉटला. कातडी विजार गाइल्सला. (तिच्यात माझ्यासारखे दोन मावतात, पण भावाने आठवण ठेवली.) मग पेजेचा घोट गिळून तो म्हणाला, "चेरी थॉमसिनला. तिनेच वाढवली." तू म्हणालीस, मिळेल हो मिळेल, आता गीळ.

आता बघ. कागद सुरू झाला होता देवाच्या नावाने. त्याखाली आत्मा परमेश्वराला सोपवलेला, देह मातीला सोपवलेला, सगळं कसं भारदस्त. आणि त्यात मध्येच 'चेरी'? मला ते बरं दिसेना. चेरीच्या नावाची ओळ आधी लिहिली होती, ती खोडली आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'माझ्या गोठ्यातली सर्वोत्तम गाय माझी प्रिय कन्या थॉमसिन हिला'. (गोठ्यात गाई दोनच, हे मला मान्य आहे. चेरी, आणि ती एकशिंगी म्हातारी, जिने मागच्या नाताळपासून दूध दिलेलं नाही. पण दोघींतही एक उत्तम असतेच.) वाचून दाखवलं तेव्हा अँब्रोजचा डोळा लागला होता. मी त्याला उठवलं नाही. आजारी माणसाची झोप मोडू नये.

तुमच्याकडे डोंगरापलीकडे सुख आहे. आमच्याकडे कूळ मेलं की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराचं, आणि ते कोणतं हे त्यांचा कारभारी येऊन ठरवणार. आपल्या बापाच्या वेळी बैल नेला होता, तू तेव्हा तीन दिवस रडली होतीस. चेरीची कीर्ती तर पंचक्रोशीत. रोज सकाळी दोन बादल्या दूध, आणि लोणी असं की बाजारात बायका आधी आमच्याच टोपलीत हात घालतात. कारभारी स्पर्लसाहेब शुक्रवारी येणार असा निरोप आला आणि थॉमसिन पांढरी पडली. ह्यू गोलॉपच्या एबलशी तिचं लग्न कापणीनंतर ठरलंय, आणि गोलॉपची पहिल्यापासून एकच अट, सुनेबरोबर चेरी आली पाहिजे. म्हणजे शुक्रवारी चेरी गेली की लग्नही गेलं. पोरगी चोवीस वर्षांची झाली, अक्का, आणि एबल चांगला मुलगा आहे, बापावर गेलेला नाही.

तेव्हा युक्ती काढली ती मीच. नाही म्हणायला रॉजरनेही मान डोलावली, आणि तो का डोलावतो आहे हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. चेरी भिकार दिसली पाहिजे आणि अँब्रोजची म्हातारी घोडी झकास दिसली पाहिजे, एवढंच काम. गुरुवारपासून चेरीच्या अंगाला चिखल आणि चुलीची काजळी चोळली. ती मलूल दिसावी म्हणून बीअर गाळून उरलेला जवाचा चोथा तिला पोटभर घातला. घोडीला खरारा केला, आयाळ विंचरली, शेपटीला थॉमसिनची निळी फीत बांधली आणि अंग चमकावं म्हणून बदकाची चरबी चोळली. चरबीची कल्पना चुकली. शुक्रवारी सकाळपासून गावातली तीन कुत्री घोडीचे पाय चाटत होती आणि त्यांना हाकलायला एक माणूस ठेवावा लागला.

त्याच सकाळी शेजारचे सहा जण मृत्युपत्राला जोडायची घरातल्या वस्तूंची यादी करायला आलेले. तुला माहीत आहे ते लोक कसे असतात. पलंगावरची गोधडीसुद्धा उलटून बघतात. त्या सहाजणांसमोर स्पर्लसाहेब अवतरले, पायात नवे पिवळे मोजे, आणि सरळ चेरीपाशी गेले. चेरी चोथ्याने मलूल होण्याऐवजी उलट लाडात आली होती. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नसेल. ती माझ्या अंगावर रेलली, मी तिला मागे ढकलू लागलो, ती आणखी रेलली आणि त्या झटापटीत माझ्या कमरेत उसण भरली. कारभारी म्हणाले, ही तर चांगली गुटगुटीत दिसते. मी म्हणालो, ती सूज आहे. ते म्हणाले, डोळे चमकतायत. मी म्हणालो, ताप आहे. मग मला स्फुरणच चढलं. हिचं दूध मांजरसुद्धा हुंगून परत जातं, हिच्या लोण्याने चाकाला वंगण दिलं तर चाक अडकतं, नेदरकोम्बमध्ये हिच्याहून भिकार गाय नाही आणि या गोठ्यात तर नाहीच नाही, हे मी सहाही जणांसमोर शपथेवर सांगितलं. (हात बायबलवर नव्हता. यादीसाठी अंगणात काढलेल्या ज्या टेबलावर बायबल होतं, त्या टेबलावर होता.) तेवढ्यात चोथ्याने आपलं खरं काम केलं. चेरीने शेपूट वर केली, आणि स्पर्लसाहेबांच्या मोज्यांचं काय झालं ते मी तुझ्यासारख्या बाईला लिहिणार नाही. ते लंगडी घालत विहिरीपर्यंत गेले, तिथूनच ओरडले की घोडी बांधा, आणि घोडी, निळी फीत आणि तीन कुत्री घेऊन निघून गेले.

तुला काय सांगू आमचा आनंद! थॉमसिनने माझ्या गळ्यात हात टाकले. मी स्वतःच्या हाताने चेरीला धुतली. यादी करणाऱ्यांनीही हसून हसून यादी पुरी केली आणि तिच्यात लिहिलं, 'एक तांबडी गाय, आजारी, जवळपास निरुपयोगी'. मी म्हणालो, लिहा, बेलाशक लिहा. कागदावर राहिलेलं बरं.

मृत्युपत्र रविवारी चर्चमधून आल्यावर वाचलं. मीच वाचलं, खणखणीत आवाजात. 'माझ्या गोठ्यातली सर्वोत्तम गाय' इथे जरा थांबलोही, लोकांनी दाद द्यावी म्हणून. आणि माझा पुतण्या, हा रॉजर, ज्याला मी गुडघ्यावर बसवून खेळवला, तो दाढी खाजवत उठला. आवाज अगदी मऊ. म्हणाला, "काका, सर्वोत्तम गाय हे तुम्हीच लिहिलंत. आणि चेरी सगळ्यात भिकार ही शपथही तुम्हीच घेतलीत, सहा जणांसमोर. मी बापडा तुम्हाला खोटं कसं पाडू? थॉमसिनने एकशिंगी न्यावी."

अक्का, माझी कोंडी बघ. चेरी उत्तम म्हणावं तर उद्या स्पर्लसाहेब नवे मोजे घालून हजर. भिकार म्हणावं तर ती रॉजरची. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि हात माझाच. यादी करणारे सहा जण आता रॉजरच्या बाजूने मान हलवतात. त्यांचं म्हणणं, लिहिलेलं ते लिहिलेलं. त्यांनाही आता हसू येत नाही, कारण यादीवर त्यांच्याही सह्या आहेत. रॉजरला शिव्या द्याव्यात तर आपलेच दात, आपलेच ओठ. आणि त्याच्या बायकोने तर त्याच संध्याकाळी चेरीच्या गळ्यात नवीन दावं बांधलं.

मी कंबर धरून गोलॉपकडे गेलो. माणसाला समजावलं की पोरगी लाखात एक आहे, हात कामाचे आहेत, स्वभाव गोड आहे. गोलॉप दारातच उभा राहिला, आत बोलावलं नाही. म्हणाला, पोरीबद्दल त्याचं काहीच म्हणणं नाही. चेरी आली तर दोघी येऊ द्या, एकशिंगी आली तर दोघींना तिकडेच ठेवा. एबल मागे उभा होता. मी निघालो तेव्हा तो कुंपणापर्यंत सोडायला आला आणि माझी काठी बराच वेळ हातात धरून राहिला, मी मागेपर्यंत द्यायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

घरी आलो तर थॉमसिन गोठ्यात एकशिंगीला चारा घालत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल, मी ऐकून घेतलं असतं. तिने मृत्युपत्राचा कागद बघायला मागितला. तिला वाचता येत नाही, पण मी खोडलेली ओळ तिने बोटाने दाखवली आणि विचारलं, इथे काय होतं? मी सांगितलं, चेरी होतं. मग ती म्हणाली, "म्हणजे बाबांनी नाव घेतलं होतं. मग तुम्ही ते का खोडलंत, काका?"

बरं दिसत नव्हतं म्हणून? ती गाय तिने चमच्याने दूध पाजून जगवली, चेरीची आई तिला मागे ठेवून मेली तेव्हा. ते मला ठाऊक होतं आणि अँब्रोजला ठाऊक होतं. म्हणून तर तो दोनच वाक्यं बोलला आणि त्यातलं दुसरं मी लिहिलंच नाही. मला वाईट वाटतं, अक्का. फार वाईट वाटतं. त्या दिवसापासून मी ती कातडी विजार घालत नाही.

असो. माणसाने फार विचार करू नये. मी जे केलं ते चांगल्या बुद्धीने केलं हे या सविस्तर हकिकतीवरून तुला पटलं असेलच. भाऊजींना नमस्कार, बदकांना आशीर्वाद. हे पत्र मीठवाल्याबरोबर धाडतो आहे, त्याला जेवायला घाल, तो रस्त्यात पत्रं वाचतो पण उपाशी असला तर लोकांना सांगतही सुटतो.

तुझा, कमरेत वाकलेला पण मान ताठ असलेला भाऊ,
गाइल्स सॅमवेज

ता. क. तुझी पितळी किटली रॉजरची बायको रोज चुलीवर चढवते. तळ काळा केला आहे. तू स्वतः येऊन घेतलीस तर बरं, माझ्या हातात ती देणार नाही.

ता. क. दुसरा. येणारच असशील तर येत्या सोमवारपर्यंत ये. बदकांकडे बघायला मी इथून एक बाई पाठवतो, विश्वासू आहे.

ता. क. तिसरा. आता खरं ते लिहितो. मृत्युपत्राची तपासणी मंगळवारी चर्चच्या कचेरीत आहे. तिथल्या कारकुनाला मी आडून विचारलं. तो म्हणतो, कागदात 'चेरी' एवढं नाव असतं तर ती आजारी असो की धट्टीकट्टी, भिकार असो की उत्तम, थॉमसिनचीच झाली असती आणि कारभाऱ्यालाही पुन्हा यायचं कारण उरलं नसतं. नाव अजूनही घालता येतं. पण लिहिणाऱ्याने स्वतःच 'चुकलो' म्हटलेलं चालत नाही. त्या वेळी खोलीत हजर असलेल्या दुसऱ्या कोणीतरी शपथेवर सांगावं लागतं, की मरणाऱ्याने अमुक सांगितलं आणि लिहिणाऱ्याने मूर्खपणाने तमुक लिहिलं. 'मूर्खपणाने' हा शब्द हवाच, नाहीतर लबाडीने लिहिलं असं धरतात. अक्का, माझ्या मूर्खपणाची गोष्ट तू गेली चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात आणि बारशात, कोणी न विचारता, सगळ्यांना सांगत आली आहेस. मंगळवारी एकदा शपथेवर सांग. मी शेजारी टोपी काढून उभा असेन, आणि मध्ये एक शब्द बोलणार नाही.