आभार मानणाऱ्या बायका

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा हा कागद दोघींच्याही कामाचा नाही. तरी सुनेला समोर बसवलंय. मी बोलते तसंच लिही, शुद्ध करू नकोस, असं बजावलंय. ती हसतेय, म्हणजे करणार.

मी नेपरव्हिलला आहे, धाकट्याकडे. बाहेर गुडघाभर बर्फ. तो सकाळच्या गाडीनं शिकागोला कामावर जातो आणि मी खिडकीपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारते. कालपासून तर एका जागी बूड टेकत नाही. त्याला कारण तुझी पणती. ती कॉलेजातून सुट्टीला आलीय आणि तिला निबंध लिहायचाय, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी बोटीतून इथं आलेल्या गोऱ्या बायकांवर. प्युरिटन म्हणतात त्यांना. धर्माच्या फार कडक. थंडी, उपासमार, बाळंतपणं, त्यात मुलं जायची, आणि त्या वहीत लिहायच्या की देवानं आम्हाला शिस्त लावली. म्हटलं, यांचा देव छडीवाला मास्तर दिसतो.

काल मी दाण्यांची सालं काढत होते आणि पोरगी त्यातल्या एकीची वही मोडक्या मराठीत सांगत होती. बाईचं बाळ गेलं. तिनं देवाचे आभार मानले. पोरगी म्हणाली, "आजी, शी इज सो ब्रेनवॉश्ड. स्वतःच्या बेबीसाठी रडतपण नाही." म्हटलं, पुढे वाच. पुढे बाईनं लिहिलं होतं, बाळ सात महिने अकरा दिवसांचं होतं. दोन पानांनंतर बर्फाचं लिहितालिहिता मध्येच, आज नऊ महिन्यांचं झालं असतं. मग पुन्हा आभार.

"अगं, जिचं समाधान झालं ती दिवस मोजत बसेल का? भांडतेय ती देवाशी. आभार मानून भांडतेय."

"आजी, हे मी पेपरमध्ये लिहू?"

"लिही. माझं नाव नको घालूस, मार्क कमी पडतील."

हसले खरी, पण हात थांबले. माझा थोरला तापानं गेला तो दिवस. तू धावत येतेस, पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवतेस आणि म्हणतेस, "देवाचं होतं, देवानं नेलं. रडू नकोस, त्याची वाट ओली होते." तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही. त्याच क्षणी मी ठरवलं, ही बाई दगड आहे.

आज सकाळपासून आखिती आठवतेय, सून म्हणते अक्षय्य तृतीया लिहू. पितरांची घागर भरलीस की तिच्याशेजारी तू तीन बोळकी भरून ठेवायचीस. आत्या विचारायची, "हे कशाला गं, वहिनी?" तू म्हणायचीस, "असू द्या वन्सं, पाणी काय विकत आणलंय?" मला वाटायचं, माझ्या भातुकलीसाठी. माझ्याआधीची तुझी तीन गेली हे मला ठाऊक होतं. पण तीन आणि तीन जुळायला मला पासष्टावं वर्ष लागलं, तेही एका गोऱ्या बाईनं शिकवल्यावर.

मला एवढंच विचारायचं होतं, आई. देवानं नेलं म्हणालीस, ते तुला पटलं होतं, की तूही भांडतच होतीस?

सून विचारते, "आई, पाकिटावर पत्ता काय घालू?" म्हटलं, पाकीट राहू दे, अजून थोडं लिही. थोरला गेल्यावर दोन दिवाळ्या मी माहेरी आले नाही आणि तिसरीला तू नव्हतीस. सासूबाई पाठवत नाहीत, असा निरोप मीच धाडला होता. त्या बिचाऱ्या दोन्ही वेळा माझं गाठोडं बांधून बसल्या होत्या.