काही न करता लावलेलं गोदाम

प्रिय गॉडफ्रे मामा,

भाच्याचा वाकून जय ख्रिस्त. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तेल चोळायचं सोडलं असेल तर त्यांना माझ्यातर्फे रागवा (माझं नाव मात्र घेऊ नका). फोनच करणार होतो, पण तुम्ही मध्येच बोलता. आम्ही नायगावात ठणठणीत. मी तर हल्ली इतका शांत असतो की आईला वाटलं, पोराला कावीळ झाली.

झालं असं, की कंपनीने आम्हा सुपरवायझरांना एका शिबिराला धाडलं. तिथे एका बाईंनी चीनचा ताओ विचार शिकवला. कारभाऱ्याने पाण्यासारखं खाली राहावं, माणसांच्या कामात लुडबुड करू नये, म्हणजे कामं आपसूक होतात, आणि खऱ्या कारभाऱ्याचं नावही कोणाला आठवत नाही. मामा, मी हललोच! आजवर मी गोदामभर बोंबलत फिरायचो आणि माझी पाठ वळली की लोक चहाला पळायचे. त्यात शेठनी शब्द दिला होता, कामणच्या नव्या गोदामात सोमवारी सगळे फ्रिज नीट लागले तर मॅनेजरची खुर्ची तुझी. म्हटलं, जोएल, हीच वेळ.

मग मी काहीच केलं नाही. (वाटतं तितकं सोपं नाही हे. एकदा तर तोंडात रुमाल कोंबावा लागला.) जमिनीवर मालाच्या जागा पिवळ्या रंगाने आखायच्या होत्या. रंग मागवायला माझी सही लागते, पण सही म्हणजे लुडबुडच की! मी स्वस्थ बसलो. आता आमच्या हमालांची मुकादम रचना जूचंद्रची, तिच्या टोळीतली माणसंही तिथलीच. त्या गावात रांगोळीने माणसाचा चेहरा असा काढतात की फोटो फिका पडावा. रंग नाही म्हटल्यावर त्यांनी रांगोळीनेच आखणी उरकली. बरं, हात एकदा सुटल्यावर थांबतो कुठला? रविवारी संध्याकाळी मुख्य दारात साक्षात शेठ अवतरले, मिशीसकट, टेम्पोएवढे रुंद.

सोमवारी फ्रिजचे टेम्पो आले ते दारातच थबकले. पुढचा ड्रायव्हर शत्रुघ्न म्हणाला, "शेठच्या तोंडावरून गाडी घालू? मग मला कामाला तुम्ही ठेवणार काय?" रस्त्यावर ही लांब रांग, हॉर्नचा कालवा. हात परत रुमालाकडे गेला मामा, खोटं कशाला बोलू! तरी मी ढिम्म. तेवढ्यात खरे शेठ आले आणि स्वतःला बघून त्यांचे डोळेच भरून आले. रचनाने मागचं शटर उघडवलं, माणसं भिडली. ट्रॉल्यांखाली आतल्या रेषा पुसल्या गेल्या, पण तोवर फ्रिज बरोबर आपापल्या जागी. जेवणाच्या सुट्टीला गोदाम लागलं होतं.

शेठनी विचारलं, हे सगळं कोणी करवून घेतलं? माणसं म्हणाली, आम्हीच, रचनाच्या सांगण्यावरून. माझं नाव एकालाही सुचलं नाही! ताओमध्ये याच्या वरची पायरी नाही, मामा. शिबिरातल्या बाईंना मी तसं कळवलंही आहे.

तुमचा यशस्वी भाचा,
जोएल

ता. क. : मॅनेजरची खुर्ची रचनाला मिळाली. मला मुळीच वाईट वाटलं नाही. (रात्री जेवलो नाही, ते अपचनामुळे.)

आणखी एक ता. क. : रचना त्या शिबिराला गेलेली नाही. सकाळपासून माझ्या मागे उभी राहून काम करवून घेते, चहासुद्धा उभ्याने प्यावा लागतो. तिचे वडील धर्मा तुमचे मिठागरावरचे जुने दोस्त ना? मग पोरीला जरा आवरा म्हणून सांगा त्यांना. आणि हे बघा, पत्र वाचून स्वस्थ बसू नका. कामं अशी आपोआप होत नसतात, मामा! उद्याच रिक्षा करा, आणि तिथे चांगले बोंबला.